शर्यती सात, डाव दोन

पत्र, थोडक्यात:

"मी ४१ वर्षांचा. डोंबिवलीला राहतो, खासगी कंपनीत अकाउंट्सला आहे. गेल्या सीझनला ऑफिसातल्या मित्राबरोबर महालक्ष्मी रेसकोर्सवर घोड्यांच्या शर्यतींना जायला लागलो आणि गोडी लागली. महिन्यातून दोन रविवार जातो. तीन हजार घेऊन निघतो आणि बहुतेक वेळा रिकाम्या खिशाने परततो. मित्राबरोबर निम्मे-निम्मे घालून जॅकपॉट (पाच शर्यतींचे विजेते ओळखायचं एकच तिकीट) भरतो, प्रत्येक शर्यतीत तीन-तीन घोडे घेऊन. उरलेल्या पैशांतून सातही शर्यतींवर थोडं थोडं लावतो. शेवटच्या शर्यतीत जे असेल ते ज्याचा भाव मोठा, म्हणजे जिंकला तर जास्त पैसे देईल, अशा घोड्यावर टाकतो, निदान दिवस वसूल व्हावा म्हणून. कर्ज काही नाही. बायकोला सगळं माहीत आहे. ती म्हणते, 'जायचं तर जा, पण दिवसभर हिशेब तपासणारा माणूस तिथे असा डोळे मिटून कसा खेळतो?' ते मनाला लागलं. रेसबुकातलं रेटिंग आणि वजन कसं वाचायचं? दिवसाचे पैसे कसे वाटायचे? मित्र म्हणतो, सुप्रीम कोर्टानेच हा कौशल्याचा खेळ ठरवलाय, तर अभ्यास करून महिन्याला चार पैसे सुटायला काय हरकत? आणि लावायचं ते बुकीकडे की टोटवर?"

— डोंबिवलीचे एक वाचक

नमस्कार,

चार पैसे सुटण्याचा प्रश्न आधी घेते, कारण तो मनातून गेला नाही तर बाकीचा अभ्यास तुम्हाला जास्त पैसे लावायलाच शिकवेल. महिन्याला चार पैसे सुटणार नाहीत. तुमच्या हुशारीवर शंका नाही, पण इथलं गणितच तसं आहे आणि तुम्ही आकड्यांतले माणूस असल्याने ते मी तुमच्यापुढे मांडू शकते.

तुमचे मित्र कोर्टाबद्दल सांगतात ते बरोबर आहे. १९९६ साली के. आर. लक्ष्मणन खटल्यात सुप्रीम कोर्टाने घोड्यांच्या शर्यतींवर पैसे लावणं हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ असल्याचं म्हटलं. मात्र एखाद्या खेळात कौशल्य लागतं यावरून तो खेळणाऱ्याला फायदा होतो असं ठरत नाही. फायदा ठरतो तो मिळणाऱ्या भावावर आणि त्यातून होणाऱ्या कपातीवर. पैजेच्या पूर्ण रकमेवर जीएसटी लागतो. आधी तो २८ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झाला. म्हणजे शंभराची पैज तुम्हाला एकशेचाळीसला पडते, मग घोडा पहिला येवो की शेवटचा.

आता समजा बुकीने एका घोड्याला चारचा भाव लावलाय. शंभर लावले आणि घोडा आला, तर चारशे आणि मूळचे शंभर मिळून पाचशे हातात. कर नसता तर हा घोडा पाचात एकदा, म्हणजे २० टक्के वेळा, जिंकला तरी बरोबरी झाली असती. खिशातून १४० जात असतील तर बरोबरीसाठीच तो २८ टक्के वेळा जिंकायला हवा. ज्या घोड्याची शक्यता सगळा बाजार वीसच्या आसपास धरतोय, ती खरी अठ्ठावीस आहे हे तुम्हाला दिसायला हवं, आणि तेही केवळ नुकसान टाळण्यासाठी. शिवाय बुकी आपला नफा भावातच बसवतो. एखाद्या शर्यतीतल्या सगळ्या घोड्यांच्या भावांचे असे टक्के काढून बेरीज करून पाहा, ती शंभराच्या बरीच वर जाते. टोटवर, म्हणजे जिथे सगळ्यांचे पैसे एकत्र करून जिंकणाऱ्यांत वाटतात तिथे, हीच कपात वाटपाच्या आधी होते.

अगदी कमी भावाच्या फेव्हरिटचं तर आणखी वाईट आहे. शंभराला चाळीसपेक्षा कमी देणारा घोडा जिंकला तरी तुमचं नुकसान होतं. तीस मिळाले तर १४० जाऊन १३० परत आले. स्क्वॉन्डररसारखा घोडा, ज्याने १९ पैकी १८ शर्यती जिंकल्या, आज पळत असता आणि त्याला तसाच भाव असता, तर त्याच्यावर लावणारा पंटर त्याच्या विजयाच्या टाळ्या वाजवत पैसे हरला असता. अशा घोड्याची धाव स्टँडमधून बघायची आणि खिशाला हात लावायचा नाही.

याच्या वर आयकर. शर्यतीतल्या जिंकलेल्या रकमेवर सरसकट ३० टक्के आणि वर सेस. मोठी रक्कम जिंकलात तर टीडीएस कापूनच हातात येते. आधीच्या रविवारी हरलेले पैसे त्यातून वजा करता येत नाहीत. तुम्ही अकाउंट्सला आहात, या एका तरतुदीचा अर्थ मी समजावून सांगायची गरज नाही.

म्हणून ते तीन हजार हा दिवसाचा खर्च धरा, बायकोशी बोलूनच धरा, आणि तो परवडणारा नसेल तर आकडा खाली आणा. त्यातून काही परत आलं तर आनंद. एवढं पक्कं असेल तर अभ्यासाला खरा अर्थ येतो. अभ्यासाने तीन हजारांत दिवस खूप जास्त रंगतो, पैसे हळू जातात, आणि आपण जे पाहिलं ते बरोबर होतं याचं समाधान मिळतं. ते समाधान मला फार मोठं वाटतं. नाहीतर मी इतकं लिहायला बसले नसते.

आता रेसबुक, म्हणजे त्या दिवसाच्या शर्यतींची आणि घोड्यांची माहिती देणारी पुस्तिका.

हँडिकॅप शर्यत म्हणजे हँडिकॅपर नावाच्या अधिकाऱ्याने सगळे घोडे एकाच वेळी विनिंग पोस्टला पोचावेत म्हणून केलेली मांडणी. प्रत्येक घोड्याला रेटिंग असतं. आपल्याकडे रेटिंगचा एक गुण म्हणजे पाठीवर अर्धा किलो. घोडे वर्गांत वाटलेले असतात. चौथा वर्ग साधारण २० ते ४६ रेटिंगचा, तिसरा ४० ते ६६, दुसरा ६० ते ८६ आणि त्यावर पहिला. हे पट्टे एकमेकांवर थोडे चढलेले आहेत ते लक्षात ठेवा. ४३ रेटिंगचा घोडा चौथ्या वर्गात जड वजन घेऊन पळू शकतो किंवा तिसऱ्यात अगदी हलकं वजन घेऊन. ट्रेनरने यातलं काय निवडलं हीच तुम्हाला मिळालेली पहिली माहिती.

शर्यत झाली की हँडिकॅपर जिंकणाऱ्याचं रेटिंग वाढवतो आणि मागे पडणाऱ्याचं हळूहळू उतरवतो. त्यामुळे रेसबुकात छापलेलं वजन हे त्या घोड्याबद्दलचं त्याचं आजचं मत आहे. हे मत बहुतेक वेळा योग्य असतं, तो जाणकार माणूस असतो. तुमचं काम त्याचं मत कुठे जुनं झालंय ते शोधणं. तसं ते मुख्यतः तीन ठिकाणी होतं. एक म्हणजे झपाट्याने वाढणारा तरुण घोडा. आपल्याकडे सगळ्या घोड्यांचं वय १ जानेवारीला एका वर्षाने वाढतं. डिसेंबरातल्या '२००० गिनीज' या मोठ्या शर्यतीला तीन वर्षांचा असलेला घोडा फेब्रुवारीतल्या डर्बीला चार वर्षांचा असतो, आणि या महिन्यांत काही घोडे इतके भरतात की रेटिंग त्यांच्या मागे धावत राहतं. दुसरं, ज्याला आतापर्यंत चुकीच्या अंतरावर पळवलं गेलं आणि आज पहिल्यांदा योग्य अंतर मिळतंय असा घोडा. तिसरं, ज्याच्या मागच्या धावेत काहीतरी घडलं, जे निकालाच्या आकड्यात दिसत नाही.

एक उदाहरण मांडते, कल्पित आहे पण असं नेहमी दिसतं. चौथ्या वर्गाची १४०० मीटरची शर्यत, आठ घोडे. दोन नंबर आणि पाच नंबर तीन आठवड्यांपूर्वी १२०० मीटरवर एकत्र पळाले होते. दोघांचं रेटिंग तेव्हा ३६ होतं, म्हणजे वजनही सारखंच. दोन नंबर जिंकला, पाच नंबर चौथा आला, तीन लांब्या (तीन घोड्यांच्या लांबीएवढा) मागे. नंतर दोनचं रेटिंग ४२ झालं आणि पाचचं ३४. फरक आठ गुणांचा, म्हणून आज दोन नंबर ५८ किलो घेतोय आणि पाच नंबर ५४. मधल्या अंतरावर एक किलो म्हणजे साधारण एक लांबी असा ढोबळ हिशेब रेसवाले धरतात. छोट्या अंतरावर एका लांबीला जास्त वजन लागतं, लांब पल्ल्यावर कमी. तर त्या तीन लांब्या वजनातच भरून निघतात. आता मागच्या शर्यतीचा व्हिडिओ काढा आणि दोनदा पाहा. पहिल्यांदा सगळी शर्यत, दुसऱ्यांदा फक्त पाच नंबर. वळणावर तो अडकला होता का? शेवटच्या दोनशे मीटरमध्ये पुढच्यांशी अंतर कमी होत होतं का? होत असेल तर आज वाढलेले दोनशे मीटर त्याच्याच फायद्याचे.

इथपर्यंत बरेच जण येतात. पुढचा प्रश्न फार थोडे विचारतात आणि मला तो सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो: ही शर्यत पुढे कोण नेणार? आठ घोड्यांच्या जुन्या धावा पाहून कोण सुरुवातीलाच पुढे जातो ते पेन्सिलने खुणा करून ठेवा. खूण एकाच घोड्यापुढे आली तर तो आपल्या मर्जीच्या वेगाने शर्यत नेईल आणि शेवटी त्याच्यात दम शिल्लक असेल. मागून येणारा कितीही चांगला असला तरी त्याला ते अंतर भरून काढणं जड जातं. खुणा चार झाल्या तर ते एकमेकांना थकवतील आणि मागच्यांची दिवाळी. वजन आणि रेटिंग तंतोतंत जुळूनही घोडा हरतो तेव्हा बऱ्याचदा कारण इथे असतं. फार थोडे हे पाहतात म्हणूनच भावात ते पूर्ण उतरलेलं नसतं.

मैदानाचंही पाहायला हवं, आणि आपल्या भागात तर जास्तच. पुण्याचा सीझन पावसाळ्यातला, मुंबईचा साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. घोडे तेच, पण जुलै-ऑगस्टमध्ये पुण्याला ओल्या गवतावर झालेली धाव आणि जानेवारीत महालक्ष्मीच्या कोरड्या मैदानावरची धाव यांत फार अंतर असतं. मैदान किती मऊ आहे ते पेनेट्रोमीटरने मोजून जाहीर करतात. आकडा जितका मोठा तितकं मैदान मऊ. मुंबईच्या पहिल्या काही दिवसांत पंटर पुण्याचे निकाल जसेच्या तसे वाचतात. तुम्ही तेवढ्यावर थांबू नका. घोड्याने गेल्या वर्षी मुंबईत काय केलं होतं तेही पाहा. सीझनच्या पुढच्या भागात गवत वाचवण्यासाठी आत फॉल्स रेल, म्हणजे तात्पुरतं कुंपण, लावतात, तेव्हा बाहेरच्या गेटातून सुटणाऱ्याचा वळणावरचा हिशेब बदलतो. ही माहिती रोज जाहीर होते आणि मोफत असते.

सकाळच्या ट्रॅकवर्कच्या, म्हणजे सरावाच्या, वेळा तुम्ही वाचत असालच. शेवटचे ६०० मीटर ३८ सेकंदांत, असं काहीतरी. त्या वेळेपेक्षा पुढचे शब्द जास्त बोलतात: सहज की दामटून. पाठीवर जॉकी होता की जड राइडर, हेही बघा. सकाळची वेळ घोडा तंदुरुस्त आहे एवढं सांगते, तो दुपारी जिंकेल असं नाही. ज्यांची एकही शर्यत झालेली नाही अशा नवख्या घोड्यांबाबत मात्र ट्रॅकवर्क आणि मॉक रेस (सरावाची शर्यत) याशिवाय हाती काही नसतं, म्हणूनच त्या शर्यती तुम्ही सोडून द्याव्यात असं मला वाटतं.

जॉकीबद्दल थोडक्यात. मोठं नाव पाहून भाव आधीच उतरतो, त्यामुळे त्या नावात तुम्हाला फायदा उरत नाही. शिकाऊ जॉकीला वजनात सूट मिळते ती मात्र नजरेत ठेवा. हलक्या हाताचा, स्टार्ट चांगला घेणारा मुलगा पुढून पळणाऱ्या घोड्यावर असेल तर दीड-दोन किलोंची सूट खरोखर उपयोगी पडते.

आणि कानातली टिप. अमक्या तबेल्यातून आली, मालकाच्या ड्रायव्हरने सांगितली. तुमच्यापर्यंत पोचायच्या आधी ती जितक्या कानांतून आली त्या प्रत्येकाने आपले पैसे लावलेले असतात, आणि भाव तेवढा पडलेला असतो. टिप खोटी नसली तरी तुमच्या हाती येते तेव्हा तिची किंमत संपलेली असते. मित्र टिप घेऊन आला की एकच विचारा: "काल रात्री याला आपण किती टक्के दिले होते?"

हे टक्के म्हणजे तुमच्या सगळ्या अभ्यासाचा शेवटचा आकडा. शनिवारी रात्री प्रत्येक शर्यतीतल्या प्रत्येक घोड्याला जिंकायची शक्यता द्यायची आणि बेरीज शंभर करायची. आपल्या उदाहरणात मी पाच नंबरला ३० देईन, दोनला २०, एकला १५, सातला १२, तीनला ९, चारला ७, सहाला ४, आठला ३. सुरुवातीला हात अडखळेल आणि आवडत्या घोड्याला चाळीस-पन्नास द्यावेसे वाटतील. बेरीज शंभरच ठेवायची असल्याने दुसऱ्या कुणाचे तरी काढून घ्यावे लागतात, आणि तिथे आपण खरा विचार करायला लागतो. मग प्रत्येकाचा किमान भाव काढा. एकशेचाळीसला शक्यतेने भागा आणि मिळालेल्या आकड्यातून मूळचे शंभर वजा करा. पाच नंबरचे ३० टक्के, म्हणजे १४० भागिले ०.३०, साधारण ४६७. त्यातून शंभर गेले की शंभराला ३६७. पावणेचारच्या खाली या घोड्याला हात लावायचा नाही, तो कितीही आवडला तरी. दोन नंबरचे २० टक्के, त्याला सहाचा भाव हवा. तो जिंकून आलाय म्हणून दोनच्या भावाने फेव्हरिट असेल, तेव्हा त्याचा विषयच संपला. बुकींकडे पाच नंबरला तीन लावला असेल तर ही शर्यत नुसती बघायची. पाच मिळत असेल तर लावायचं.

इतकं केल्यावर तुम्हाला दिसेल की सातपैकी चार-पाच शर्यतींत लावण्यासारखं काहीच उरत नाही. कधी एकाही शर्यतीत उरणार नाही. तेव्हा रिकाम्या हाताने बसणं जिवावर येतं, सगळं स्टँड उठून ओरडत असतं. पण दिवसाचं नियोजन म्हणजे मुख्यतः हेच: कुठल्या शर्यतींत आपण नाही, हे घरी बसून ठरवणं. सगळ्या शर्यतींवर थोडं थोडं लावणारा माणूस प्रत्येक भावावर कर भरतो, वाईट भावांवरसुद्धा, आणि एखाद्या शर्यतीत त्याला खरंच काही दिसलेलं असतं तिथे लावायला त्याच्याकडे पन्नास रुपये उरतात.

तुमचं जॅकपॉटचं गणित मी करून पाहिलं. पाच शर्यती, प्रत्येकीत तीन घोडे, म्हणजे २४३ जोडण्या. एका जोडणीचे १० रुपये धरले तर २४३०, वर ९७२ कर, एकूण ३४०२. तुमचा निम्मा वाटा १७०१. पहिली शर्यत सुरू व्हायच्या आधीच तुमच्या तीन हजारांतले निम्म्याहून जास्त गेलेले असतात, आणि तेही "कुणीतरी लागेल" या भरवशावर प्रत्येक ठिकाणी तीन घोडे पसरून. जॅकपॉटची मजा मला समजते, पाचव्या शर्यतीपर्यंत तिकीट जिवंत असलं की छातीत जे होतं ते दुसऱ्या कशात नाही. ते ठेवा, पण आकार बदला. जिथे टक्क्यांनी एकच घोडा स्पष्ट पुढे आहे तिथे एकच घ्या, जिथे शर्यत खुली आहे तिथे तीन. दोन, एक, तीन, दोन, दोन अशा निवडीत २४ जोडण्या होतात. २४० रुपये आणि ९६ कर. दोघांत वाटले तर प्रत्येकी १६८. जिंकायची शक्यता कमी होईल हे खरं, पण तिकीट तुमच्या मताचं असेल.

मग तीन हजार असे ठेवा. जॅकपॉटला पावणेदोनशे. दोन, फार तर तीन डाव, प्रत्येकी करासकट सातशे, म्हणजे पाचशेची पैज. उरलेले परत घरी, दुसऱ्या पाकिटात. लोकल, चहा-वडापाव यांचा हिशेब वेगळा. तिन्ही डावांची रक्कम सारखीच. "याची खात्री आहे म्हणून दुप्पट" असं मैदानावर सुचलं तर ते करायचं नाही. खात्री असती तर ती शनिवारी रात्री टक्क्यांत उतरली असती. मोबाइलवरून पैसे भरायची सोय असेल तरी त्या दिवशी रोखीतच खेळा, म्हणजे पाकीट संपलं की थांबता येतं.

शेवटच्या शर्यतीचं मला जरा काळजीने सांगायचंय. वसूल करायला शेवटच्या शर्यतीत मोठ्या भावाचा घोडा घेणं ही तुमच्या पत्रातली सगळ्यांत घातक सवय आहे. मोठ्या भावाच्या घोड्यांवर लोक गरजेपेक्षा जास्त लावतात, हे अनेक देशांतल्या शर्यतींच्या अभ्यासात दिसून आलंय. पंधराचा भाव असतो तेव्हा खरी शक्यता बहुधा त्याहूनही कमी असते. दिवसभर हरलेली माणसं शेवटच्या शर्यतीत हेच करतात. पण घोड्याला तुमचे आधीचे सहा निकाल माहीत नसतात. आणि हरण्याची सवय ठेवावीच लागते: ३० टक्के शक्यतेचा, बरोबर निवडलेला घोडा घेत गेलात तरी सलग पाच वेळा हरण्याची शक्यता जवळपास सहात एक असते. दोन रविवार सगळे डाव गेले यावरून तुमचा अभ्यास चुकला असं ठरत नाही. त्यावर उपाय म्हणून पैसे वाढवणं मात्र नक्कीच चूक ठरतं.

यासाठी वही ठेवा. तुमच्या हातचं काम आहे. तारीख, शर्यत, घोडा, तुम्ही दिलेले टक्के, मिळालेला भाव, करासकट गेलेली रक्कम, निकाल, आणि एका ओळीत शर्यत कशी झाली ते. ज्या शर्यतींत लावलं नाही त्यांचेही टक्के लिहा. सीझन संपल्यावर ज्या सगळ्या घोड्यांना तुम्ही तीसच्या आसपास दिले होते ते एकत्र काढा. त्यांतले दहात तीन जिंकले का? दोनच जिंकले असतील तर तुम्ही आवडत्या घोड्यांना उदार आहात. लहान अंतरांच्या शर्यतींत तुमचे टक्के बरोबर आणि लांब पल्ल्यात चुकीचे, असंही निघेल. ही वही बायकोला दाखवा. तिने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तीच आहे, आणि मला वाटतं तिला ते वाचायला आवडेल.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. रेसकोर्सच्या आत, परवाना असलेल्या बुकीकडे किंवा टोटवर लावणं कायद्याला मान्य आहे. बाहेर फोनवर पैजा घेणारा बुकी कायद्याला मान्य नाही, आणि तो कर नाही म्हणून भाव चांगला देतो हे आमिष मित्राकडून येईलच. तो उधारीवर घेतो, म्हणून तिथे पाकीट कधी संपतच नाही आणि माणसं बुडतात ती तिथेच. आज तुम्हाला कर्ज नाही आणि घरात लपवाछपवी नाही, हे फार चांगलं आहे. ज्या दिवशी बायकोला खरा आकडा सांगावासा वाटणार नाही, किंवा रविवारची वाट बघत कामात लक्ष लागणार नाही, त्या दिवशी जाणं बंद करा आणि कुणाशी तरी बोला. सरकारची मानसिक आरोग्यासाठीची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य आहे, आणि अशा सवयींबद्दलही तिथे बोलता येतं.

आता बुकी की टोट. बुकीकडे लावता त्या क्षणी जो भाव असतो तोच तुम्हाला मिळतो, नंतर तो पडला तरी. टोटचा लाभांश खिडकी बंद झाल्यावर, एकूण किती पैसे कुणावर आले त्यावरून ठरतो. तुमची पद्धत किमान भावावर उभी आहे, त्यामुळे विनचा डाव बुकीकडे लावा. रिंगमध्ये चार-पाच बुकींचे भाव फिरून बघा, एकाच घोड्याला कुठे चार तर कुठे साडेचार दिसतो, आणि वर्षभरात तो अर्धा भाव मोठा होतो. करासकट नेमके किती द्यायचे ते लावण्याआधीच विचारून घ्या. जॅकपॉट, तानला (पहिले तीन घोडे क्रमाने ओळखणं) असे एकत्र रकमेचे प्रकार टोटचेच. प्लेसच्या, म्हणजे घोडा पहिल्या काहींत येईल यावरच्या डावाच्या, फंदात पडू नका, तिथे लाभांश इतका छोटा असतो की बऱ्याचदा घोडा येऊनही करच भरून निघत नाही.

आणि तिकीट घोडा हरला असं वाटल्याबरोबर फाडू नका. शर्यतीनंतर जॉकींचं वजन पुन्हा होतं, कुणी दुसऱ्याच्या वाटेत आडवा गेला असेल तर हरकत घेतली जाते, स्टुअर्ड, म्हणजे शर्यतीचे पंच, फिल्म पाहतात आणि कधी पहिला-दुसरा अदलाबदल होतात. निकाल पक्का झाल्याची घोषणा होईपर्यंत तिकीट खिशात राहू द्या.